तीसच्या वेगाला किर्र

६ नोव्हेंबर, गुरुवार. काम: गाडीचा आवाज शोधणे. सोबत: जुनी चटई, टॉर्च, कानांचा अहवाल.

यादी फ्रीजवर लावलेली होती. सकाळी नवऱ्याने ती वाचली आणि चहा गाळता गाळता विचारलं, "कानांचा अहवाल कशाला? गाडीला दाखवणार आहेस?"

"मेकॅनिकला."

"बरं," तो म्हणाला आणि साखर घातली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की 'बरं' पटकन येतं.

आवाज दसऱ्यानंतरच्या आठवड्यात सुरू झाला होता. मी पाणी तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते. दर शनिवारी पानशेतच्या वरच्या अंगाच्या गावांतून विहिरींचे नमुने गोळा करून आणायचे असतात. गाडी आमचीच, तेरा वर्षांची, गरज पडली तर चारी चाकांना ताकद देणारी. नवऱ्याने ती गडकिल्ल्यांसाठी घेतली होती. तीन गड झाले, मग त्याची कंबर धरली आणि गाडी माझ्याकडे आली.

त्या शनिवारी खडकवासला मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि ताशी तीसच्या आसपास खालून कुठूनतरी किर्र, किर्र, किर्र सुरू झालं. रातकिड्यासारखं, पण शिस्तीत. वेग वाढवला की तो घाई करायचा. पन्नासला गाडीच्या इतर आवाजांत बुडून जायचा. मी ब्रेक दाबून पाहिला, क्लच दाबून पाहिला, उतारावर गिअर काढून गाडी नुसती वाहू दिली. किर्र चालूच. म्हणजे इंजिन नाही, ब्रेक नाही. चाकांबरोबर फिरणारं काहीतरी होतं.

पुढच्या शनिवारी आणखी एक गोष्ट केली. गावाबाहेर मातीचा एक सरळ पट्टा आहे. तिथे गिअरशेजारचा छोटा दांडा ओढून चारी चाकं जोडली. आवाज बंद. दांडा परत दोन चाकांवर आणला. किर्र.

मी वहीत लिहिलं: चार चाकांवर नाही, दोन चाकांवर आहे. दोन चाकांवर असताना गाडीला मागची चाकं ढकलतात, पुढची नुसती सोबत येतात. तेव्हा दोष मागे. निष्कर्ष साधा होता, सोपा होता आणि चुकीचा होता, पण तो काढणारी मी एकटी नव्हते.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनीही तोच काढला. त्यांनी गाडी लिफ्टवर उचलली, इंजिन चालू केलं आणि मागची चाकं हवेत तीसच्या वेगाने फिरवली. चकार शब्द नाही. तिथल्या सल्लागाराने हातातली पाटी छातीशी धरून सांगितलं, "मॅडम, साउंड नॉर्मल आहे."

"आवाज नाही म्हणताय, की आहे पण नॉर्मल आहे म्हणताय?"

त्याने विचार केला. "दोन्ही, मॅडम."

म्हणून मी चाचांकडे गेले. खरं तर आधीच जायला हवं होतं.

चाचांचं गॅरेज स्वारगेटच्या मागच्या गल्लीत आहे. त्यांचे वडील तिथे टांग्यांची चाकं बसवायचे. चाचा आता सत्तरीच्या उंबऱ्यावर आहेत, आणि पंचवीस वर्षं आमच्या गाड्या त्यांच्या हाताखालून जातात. त्यांची एक शिसवी काठी आहे, दोन हात लांब, दोन्ही टोकांना झिजून गुळगुळीत झालेली. एक टोक यंत्रावर, दुसरं कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. शेजारी कुणी बोलायला लागलं की ते हात वर करून म्हणायचे, "थांबा, आधी तिचं होऊ द्या." दुसरे गॅरेजवाले आपल्याकडच्या गाड्या नुसत्या ऐकवायला त्यांच्याकडे आणायचे. मी स्वतः पाहिलं आहे, बोनेट न उघडता, गाडी दारात शिरत असतानाच त्यांनी सांगितलं होतं, "तिसऱ्या सिलिंडरचं काहीतरी दुखतंय."

आदल्या गुरुवारी ते माझ्याबरोबर गाडीत बसले. गल्लीतून बाहेर पडलो. तीस.

"हा बघा, चाचा."

"काय?"

"आता येतोय तो."

"काय येतोय?"

"किर्र."

ते खिडकीची काच खाली करून ऐकत राहिले. मग परत येऊन काठी मागच्या चाकांच्या मधल्या गोळ्यावर लावली, चाकं फिरवली, डोळे मिटले. बराच वेळ. शेवटी उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "ताई, गाडीत काही नाही. राग मानू नका, पण एका वयानंतर कानात असं वाजतं. आमच्या घरात पण वाजायचं."

मी बावन्न वर्षांची आहे. राग मानला.

मी चावी घेत होते तेवढ्यात त्यांच्या मुलाने मला टायरांच्या चळतीमागे बोलावलं. मुलगा चाळिशीचा आहे, गॅरेजचं अर्धं काम तोच बघतो, आणि हळू बोलायची त्याला सवय नाही, म्हणून त्या दिवशीचं त्याचं हळू बोलणं माझ्या लक्षात राहिलं.

"मॅडम, अब्बांना आवाजाचं काम देऊ नका आता. क्लच द्या, ऑइल द्या, ते मी बघतो."

गणपतीत एक गाडी आली होती म्हणे. मालक सांगत होता, इंजिन किंचाळतंय. चाचांनी काठी लावली आणि काही नाही म्हणून परत पाठवली. तळेगावच्या पुढे पट्टा तुटून ती गाडी रस्त्यात उभी राहिली, आत म्हातारी आई आणि दोन लहान मुलं. मालक दुसऱ्या दिवशी येऊन गल्लीभर ऐकू जाईल असं बोलून गेला. बापलेकांत त्यावरून जुंपली. लेक म्हणाला, आता फक्त दिसतं तेवढंच काम करायचं. बाप भडकला आणि चार माणसांसमोर बोलून बसला, की अजून एक आवाज चुकला तर मी स्वतः शटर ओढीन आणि परत या गल्लीत पाय ठेवणार नाही.

"आणि ते ओढतील, मॅडम," मुलगा म्हणाला. "त्यांनी तंबाखू पण अशीच सोडली."

त्याच वेळी चाचांच्या खिशातला फोन वाजायला लागला. बारीक, टोकदार सूर होता. समोरच्या पानवाल्याने मान वळवून पाहिलं. चाचा माझ्या गाडीची काच पुसत होते, ते पुसत राहिले. फोन पूर्ण वाजून थांबला. मुलगा टायरकडे बघत होता.

घरी जाताना किर्र सोबत होतं.

आता, आमच्या प्रयोगशाळेत एक पद्धत आहे. एखादं वाचन विचित्र आलं तर नमुन्याला किंवा तो आणणाऱ्या माणसाला दोष देण्याआधी स्वतःचं उपकरण तपासायचं. चाचांना ऐकू येत नाही असं मला वाटत होतं. चाचांना वाटत होतं माझ्या कानात वाजतं. दोन उपकरणं, दोन वाचनं. मी सोमवारी माझं तपासून आणलं.

एका काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन लावतात, हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. वीस मिनिटांत झालं. तपासणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या, त्यांनी आलेख पुढे सरकवला. "तुमचे कान तिशीतल्या बाईसारखे आहेत. कोण म्हणालं तपासा?"

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "मेकॅनिक किती वर्षं काम करतात?"

"पन्नास तरी."

"हातोडा, कॉम्प्रेसर, सगळं?"

"सगळं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आधी वरच्या पट्टीतले, बारीक आवाज जातात. खालचे, जाड आवाज राहतात, त्यामुळे माणसाला आपलं काही गेलंय हे कळतच नाही. "ते खोटं बोलत नाहीयेत. त्यांच्या लेखी तो आवाज नाहीच." मी निघताना त्यांच्याकडून आणखी एक वेळ घेऊन ठेवली, शुक्रवारी सकाळी साडेनऊची.

तर गुरुवारी, चटई, टॉर्च आणि अहवाल घेऊन मी नऊ वाजता गॅरेजमध्ये हजर झाले. अहवाल बोनेटवर ठेवला.

"चाचा, तुम्ही म्हणालात आवाज माझ्या कानात आहे. कान तपासून आणले. चांगले निघाले."

चाचांनी चष्मा लावून आलेख नीट पाहिला, जसा ते कुठलाही सुटा भाग पाहतात, उजेडाकडे धरून. "म्हणजे तुम्हाला ऐकू येतं ते बाहेर आहे."

"हो."

"आणि मला येत नाही."

"हो."

मागे मुलाचा पाना थांबला. चाचांनी कागदाची आधीच्याच घडीवर घडी घातली.

"आधी कुकरची शिट्टी गेली," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. मग फोन. मग चिमण्या. चिमण्यांचं मला वाटलं, पुण्यातनं कमीच झाल्या असतील. पेपरात पण येत होतं."

"दोन वर्षं?" मुलगा पुढे आला. "अब्बा, सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"आवाजाचं काम बंद केलं असतं."

"म्हणून नाही सांगितलं."

चाचांनी भिंतीला टेकवलेली काठी उचलली आणि कपाटावर ठेवून दिली. "बोललो होतो, अजून एक चुकला तर शटर. हा ताईंचा चुकला."

"अजून चुकलेला नाही," मी म्हटलं. "गाडी अजून इथेच आहे. कान माझे घ्या, डोकं तुमचं लावा. आणि लवकर लावा, मला दुपारपर्यंत कामावर जायचंय."

चाचांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मग चाचा मला म्हणाले, "किर्र आहे की चिर्र?"

"फरक काय?"

"चिर्र म्हणजे रबर. किर्र म्हणजे लोखंडावर लोखंड, मध्ये तेल नाही. घर्र असेल तर बेअरिंग. करकर असेल तर गिअरचे दात."

"किर्र."

"दाखवा करून."

मी दाखवला. मुलाने तोंड फिरवलं. चाचांनी माझ्या ओठांकडे लक्ष देऊन पाहिलं आणि मान हलवली. "किती वेळा? एका सेकंदात?"

"तीसच्या वेगाला साधारण आठ-दहा."

"मग चाक नाही. चाक तीसला सेकंदात चार फेरे घेतं. चाकापेक्षा जोरात फिरतं ते शाफ्ट, गाडीखालचा लांब दांडा." बोलता बोलता ते काठी विसरले होते. गाड्या धुवायच्या हिरव्या नळीचा त्यांनी हातभर तुकडा कापला, गाडीत चढून दोन्ही दांड्यांच्या बुडाशी असलेलं रबरी आवरण सैल केलं. खाली गल्लीचं डांबर दिसायला लागलं.

"नळी इथून खाली सोडायची, वरचं टोक कानाला. मी चालवतो. तुम्ही सांगायचं, कुठे मोठा येतो आणि कुठे बारीक."

मी चटई पुढच्या सीटांच्या मागे जमिनीवर अंथरली आणि पालथी पडले, डोकं दोन सीटांच्या मधोमध. मुलगा मागच्या सीटवर चढला. गिऱ्हाईक या अवस्थेत असताना सोबत कुणीतरी पाहिजे, असं तो म्हणाला.

स्वारगेटच्या परिसरात सकाळी तीसचा वेग मिळवणं सोपं नाही. दोनदा अठ्ठावीसपर्यंत गेलो आणि दोनदा रिक्षा आडवी आली. सिग्नलला एक ट्रॅफिक हवालदार खिडकीशी आला, त्याने आत वाकून पाहिलं. एक म्हातारा गाडी चालवतोय, एक बाई जमिनीवर पालथी, कानाला नळी.

"काय चाललंय?"

"ऐकतायत त्या," चाचा म्हणाले.

हवालदाराने मागे मुलाकडे पाहिलं. मुलाने हात जोडले. हवालदाराने आम्हाला जाऊ दिलं, सिग्नल सुटायच्या आधी.

मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर शेवटी तीस मिळाले.

"येतोय," मी म्हटलं.

"नळी मागं वळवा."

"बारीक झाला."

"आता पुढं."

"मोठा. खूप मोठा. इथेच आहे, तुमच्या डाव्या पायाच्या खाली."

"पुढं नसणार. नीट ऐका, मागं बघा."

"चाचा, पुढे आहे."

"ताई, आपण दोन चाकांवर आहोत. पुढचा शाफ्ट आता झोपलेला असतो. झोपलेला माणूस बोलत नाही."

"तुम्ही बोलता," मागून मुलगा म्हणाला.

चाचांनी तिकडे लक्ष दिलं नाही, किंवा ऐकू आलं नसेल. त्यांनी छोटा दांडा ओढला. "आता?"

"बंद."

"आता? दोनवर आणलाय."

"किर्र."

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. दोन्ही हात चाकावर ठेवून समोर एका ट्रकच्या मागच्या फळीकडे बघत बसले. मी चटईवरून त्यांना बघत होते. मानेला रग लागली होती, पण मध्ये बोलले नाही. त्यांचं होऊ दिलं.

"कान बरोबर आहेत," ते हळूहळू म्हणाले. "कागद तसं सांगतो. मग आवाज पुढूनच येतो. मग शाफ्ट झोपलेला नाही." त्यांनी छोट्या दांड्यावर हात ठेवला. "तो फिरतोय. दोन चाकांवर असताना फिरतोय. म्हणूनच लिफ्टवर आवाज येत नाही! तिथे पुढची चाकं उभी असतात, त्याला फिरवणार कोण?"

गाडी सुरू करून ते इतक्या वेगाने परत निघाले की किर्र पन्नासच्या आवाजात बुडून गेलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध मुठीएवढी एक चकती आहे, तिच्यावर बाण आहे. बाण एका जागी आणला की चाक आतल्या दांड्याला जोडलं जातं, दुसऱ्या जागी आणला की मोकळं होतं. चिखलात जायचं असलं की खाली उतरून दोन्ही चकत्या हाताने फिरवायच्या, परत आलं की परत फिरवायच्या. दोन्ही मोकळ्या असल्या की पुढचं सगळं शांत उभं असतं. पण वर्षभरापूर्वी पानशेतच्या वरचा माझा रस्ता सिमेंटचा झाला, चिखल संपला. तेव्हापासून मी त्या चकत्यांना हात लावला नव्हता. पाहिलंही नव्हतं.

गॅरेजमध्ये पुढची बाजू जॅकवर उचलली. चाचांनी डाव्या चाकाला हात घातला आणि ते पुढच्या दिशेने फिरवलं.

"उजवीकडे बघा," ते म्हणाले.

उजवं चाक, ज्याला कुणीही हात लावला नव्हता, उलट्या दिशेने फिरत होतं.

"आयला," मुलगा म्हणाला.

"मोकळी असती तर एकाचं दुसऱ्याला कळलंच नसतं." चाचांनी अंगठ्याने चकतीवरची धूळ पुसली. बाण सरळ वर होता. पलीकडची पुसली. तोही सरळ वर. दोन्ही चाकं जोडलेली.

मग मधला शाफ्ट फिरावा म्हणून बापलेक दोन बाजूंना बसले आणि दोघांनी आपापलं चाक एकाच वेगाने पुढे फिरवलं. मी चटई घेऊन खाली गेले. कपाटावरची काठी मुलानेच आणून दिली. एक टोक पुढच्या शाफ्टच्या सांध्याजवळ, न फिरणाऱ्या भागावर टेकवलं, दुसरं कानामागे.

किर्र. किर्र. किर्र.

"हाच," मी ओरडले. या वेळी ओरडायची गरज होती.

चाचा माझ्या शेजारी खाली आले. मुलाला एकट्यालाच दोन्हीकडे पळत चाकं थोडी थोडी सरकवायला लावली आणि सांध्याला दोन बोटं लावली. डोळे मिटले. "लागतंय," ते म्हणाले. "वाळू असल्यासारखं. कोरडा ठणठणीत आहे. शेवटचं ग्रीस कधी मारलं?"

वर्षभर कुणीच मारलं नव्हतं. न फिरणाऱ्या शाफ्टला ग्रीस कोण मारणार? चार चाकांवर त्याच्यावर भार आला की तो दात आवळून गप्प बसायचा. दोन चाकांवर बिनकामाचा फिरायचा आणि कुरकुर करायचा. असं चाचांनी समजावलं. आमच्या ऑफिसात अशी दोन माणसं आहेत, त्यामुळे मला लगेच समजलं.

"पण बाण कुणी फिरवले?" मुलाने विचारलं.

मी फोनमध्ये दसऱ्याचे, दोन्ही बाजूंनी घेतलेले फोटो उघडले. धुतलेली गाडी, झेंडूची माळ, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि दोन्ही चाकांवर दोन लखलखीत बाण, सरळ वर, सैनिकांसारखे. नवऱ्याला फोन लावला.

"दसऱ्याला गाडी धुताना चाकांवरच्या चकत्या फिरवल्यास?"

"हो. एक डावीकडे झुकली होती, एक उजवीकडे. फोटोत बरं दिसेना. सरळ केल्या."

"दोन्ही?"

"एकच करून कसं चालेल?"

मी फोन ठेवला. स्पीकरवर होता. चाचा इतके हसले की त्यांना टायरावर बसावं लागलं.

नवा सांधा बसायला तास लागला. त्या वेळात मी ऑफिसला कळवलं की उशीर होतोय, कारण सांगितलं नाही. बाण मोकळ्या खुणेवर आणले, एक डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे. पुन्हा चक्कर मारली, या वेळी मी सीटवर बसले.

"आहे?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

परत आल्यावर चाचांनी हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश. मग म्हणाले, "सापडला. पण मी ऐकला नाही."

"मी काही बोललो का?" मुलगा म्हणाला.

"तू नाही बोललास. मी बोललो होतो." आणि ते खरोखरच शटर ओढायचा आकडा शोधायला लागले.

मुलगा मध्ये उभा राहिला. "ओढा. पण आधी एक सांगा. मी मागचा सगळा गोळा उघडला असता. चार दिवस गाडी इथे पडली असती, आणि आवाज तसाच. झोपलेला शाफ्ट फिरतोय हे मला कोण सांगणार? कागद?"

चाचा आकडा हातात घेऊन उभे. बापाला शटर ओढू न देणाऱ्या मुलाला आता स्वतःच्याच मागच्या बोलण्याचं काय करायचं ते कळेना. "कान तपासा," तो म्हणाला. "मशीन लागलं तर लावा. तोवर आवाजाच्या गाड्या घ्यायच्या नाहीत. नंतर घेऊ."

"कानात मशीन लावलेला मेकॅनिक. लोक हसतील."

"चष्मा लावता तेव्हा हसतात का?" मी विचारलं.

"चष्मा वेगळा."

"कसा?"

मी चावी उचलली. "उद्या साडेनऊची वेळ आहे. सव्वानऊला न्यायला येते."

"कुणाची वेळ?"

"तुमची. सोमवारी घेऊन ठेवली."

"न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"उद्या जुम्मा आहे."

"साडेबाराच्या आत परत सोडते."

चाचांनी आकडा खिळ्याला अडकवला. मुलगा चहा सांगायला गेला. मी थांबले नाही, उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला मी गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली. चाचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे होते, अत्तर लावलेलं. वाटेत त्यांनी तीन वेळा विचारलं, "आहे?" मी तीन वेळा नाही म्हटलं.

काचेच्या खोलीत त्यांना बसवलं, हेडफोन लावले, बटण दिलं. मी बाहेर, तपासणाऱ्या बाईंच्या मागे बसले. चाचा भराभर बटण दाबत होते. एकही चुकत नव्हता. बाईंनी भुवया वर केल्या. मला कळायला दोन मिनिटं लागली. बाईंनी यंत्राची कळ दाबली की त्यांचं कोपर किंचित हलायचं, आणि चाचांची नजर त्या कोपरावर खिळलेली होती.

"यांची खुर्ची भिंतीकडे फिरवा," मी म्हटलं.

खुर्ची फिरली. फिरताना चाचांनी काचेतून माझ्याकडे जे पाहिलं ते मी लिहीत नाही. मग खरी तपासणी झाली. जाड आवाज जवळपास सगळे आले. पुढे बटण थांबलं आणि बराच वेळ त्यांची पाठच दिसत राहिली.

बाईंनी आलेख समोर ठेवून समजावलं. एका ठिकाणी रेघ पायरीवरून घसरल्यासारखी खाली गेली होती. मशीनने फायदा होईल, पूर्वीसारखं नाही, पण होईल. बसवायला दोन-तीन खेपा लागतील, त्यांना नेमके कुठले आवाज हवेत त्याप्रमाणे जुळवावं लागेल.

चाचांनी बोट त्या पायरीवर ठेवलं. "किर्र येईल का?"

"कसा आवाज असतो तो?" बाईंनी पेन उचलून विचारलं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी करून दाखवला.